विचार करण्यात येईल

आबांना क्लबकडून आलेलं पत्र मी लिहिलं होतं. क्लबनं ते पाठवलं नव्हतं, क्लबला त्याची खबरही नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, टेम्पोवाल्याला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या आबांना तर नाहीच.

आता सगळं सांगतो.

भोरात तहसील कचेरीच्या समोर माझं अर्ज लिहायचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, वारसनोंद, रस्त्याची तक्रार, पाण्याची तक्रार. माणूस येतो, आपलं दुखणं सांगतो आणि मी ते ‘उपरोक्त विषयान्वये’मध्ये बसवून देतो. मूळचा मी वेल्ह्याकडचा. लग्नानंतर भोरात आलो तो इथलाच झालो. दुसऱ्यांचं म्हणणं लिहून द्यायचा धंदा असला की स्वतःचं म्हणणं बाजूला पडत जातं. लोक मला अबोल म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही.

आबा उत्रोलीचे. उमेदीची वर्षं त्यांनी शहरातल्या कारखान्यात काढली, आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूला बचावाला खेळले. निवृत्त होऊन गावी आले आणि भात करायला लागले. शहराचा व्यावसायिक क्लब निघाला तेव्हा त्यांनी पहिल्याच मोसमात निळा शर्ट घेतला. माझ्याकडे ते आले होते वारसनोंदीसाठी. दुकानातल्या टीव्हीवर मॅच लागली होती, आवाज बंद करून. अर्ज तसाच राहिला. ते उभ्यानेच बघत राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, हा डावा गडी वर जातोय खरा, पण परत यायची वाट विसरतोय. दोन मिनिटांत त्याच बाजूनं गोल झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा खेळ नुसता बघायचा नसतो, वाचायचा असतो. पुढच्या रविवारी मी टेम्पोत होतो.

टेम्पो भोंगवलीच्या एका गड्याचा. आठवडाभर त्यात भाजी जायची, मॅचच्या दिवशी आम्ही. भोरहून येणारे एसटीनं कापूरहोळला उतरायचे आणि तिथल्या धाब्यावर चहा घेऊन टेम्पोत चढायचे. टेम्पोवाल्याची हलगी केबिनमध्ये मागच्या बाजूला टांगलेली असायची. दहा-बाराजण असू, कधी पंधरा. स्टेडियमवर आमचा कोपरा ठरलेला होता, आणि शहरातली पोरं आम्हाला ‘हलगी स्टँड’ म्हणायची. आम्ही ते नाव मनावर घेतलं.

क्लबची गत काय सांगावी. एका मोसमात तीन प्रशिक्षक. परदेशातून आणलेला फॉरवर्ड असा की धावायला लागला की आम्हालाच त्याच्या गुडघ्याची काळजी वाटायची. ऐंशी मिनिटं बरं खेळायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत गोल खायचा, हे तर इतकं ठरलेलं की पंच्याहत्तराव्या मिनिटाला टेम्पोवाला हलगी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “चला, आता श्रद्धांजलीची तयारी.” मग मालकांनी शर्टाचा निळा रंग बदलून नारिंगी केला. आबा निळाच घालून यायचे. नारिंगी गर्दीत तो एक निळा ठिपका टीव्हीवरसुद्धा दिसायचा, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या. पुढं गेटवर हलगी आत न्यायला मनाई झाली, आणि त्याच हिवाळ्यात संघ लागोपाठ इतके सामने हरला की आम्ही मोजणं सोडलं.

दुसऱ्या कुठल्या गावची माणसं असती तर शिव्या देऊन गप्प बसली असती, नाहीतर मोबाईलवर काहीबाही लिहिलं असतं. आमच्या तालुक्यात तसं नसतं. इथं एसटी वेळेवर येत नाही, निवेदन द्या. डांबर उखडलं, निवेदन द्या. सह्या घ्या, कचेरीत जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन या. त्या शिक्क्याला आम्ही पोच म्हणतो. पोच मिळाली म्हणजे निम्मं काम झालं, असा आमचा सगळ्यांचा विश्वास. मग क्लब हरतोय तर काय करायचं? कापूरहोळच्या धाब्यावर एका पराभवानंतर ते सर्वानुमते ठरलं, आणि लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

ते निवेदन मला अजून पाठ आहे. विषय: संघाच्या सततच्या पराभवाबाबत. आबा सांगत होते आणि मी लिहीत होतो. मुद्दा एक, डाव्या बाजूचा बचावपटू पुढे गेल्यानंतर वेळेत मागे येत नाही याची नोंद घ्यावी. मुद्दा दोन, हलगीवरील मनाई उठवावी. मुद्दा तीन, क्लबने वर्षातून एक सराव सामना भोर तालुक्यात खेळावा, म्हणजे इथल्या मुलामुलींना खरा खेळ डोळ्यांनी पाहता येईल. हा तिसरा मुद्दा सांगताना आबांचा आवाज बदलला होता. बाकीचे दोन रागाचे होते, हा तसा नव्हता. शेवटी मी सवयीनं लिहिलं, ‘अन्यथा आम्हांस लोकशाही मार्गाने उपोषणास बसावे लागेल.’ टेम्पोवाला म्हणाला, “अर्जवाले, उपास आपण करायचा आन् गोल कुणी मारायचा?” सगळे हसले, पण ओळ कुणी काढू दिली नाही. प्रत माहितीस्तव तहसीलदारांना, हेही राहू दिलं. साडेतीन पानं सह्या झाल्या.

ते घेऊन शहरात जायचं काम माझं होतं. मी पांढरा शर्ट घातला, दोन प्रती, स्टँप पॅड, सगळं पिशवीत. क्लबच्या कार्यालयाच्या गेटवर वॉचमन होता. त्यानं पाकीट हातातही घेतलं नाही. इथं कागद घेत नाहीत, मेल करा, म्हणाला. मी सांगून बघितलं, सह्या आहेत, माणसं लांबची आहेत. तो वाईट माणूस नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं. मागं एक गाडी हॉर्न देत होती, तिला वाट द्यायला मी बाजूला झालो, आणि बाजूला झालो तो परत गेटसमोर गेलोच नाही.

मेल मला करता आला असता. दुकानात रोज दहा करतो. पण उभ्या आयुष्यात मी कुठून पोच घेतल्याशिवाय परत आलो नव्हतो. लोक माझ्याकडं त्याच्यासाठीच येतात. भोरात उतरल्यावर आबा स्टँडवरच उभे होते. त्यांनी विचारलं, दिलंस? मी म्हणालो, दिलं. पोच? मी म्हणालो, ती ते नंतर पाठवतात.

खोटं बोलायला मला एवढाच वेळ लागला. निवेदन मी दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतर आबा दर मंगळवारी बाजाराला आले की दुकानात डोकवायचे. “आलं का रं काही?” एवढंच. मी मान हलवायचो. ते रागवायचे नाहीत, त्याचाच त्रास जास्त व्हायचा. पाच-सहा मंगळवार असे गेले. एकदा ते म्हणाले, आमच्या वेळी कारखान्याचा साहेबसुद्धा उत्तर द्यायचा, नाही म्हणायचा पण द्यायचा. त्या दुपारी दुकान रिकामं होतं. मी कागद लावला आणि उत्तर टाईप केलं.

मी ते सांभाळून लिहिलं होतं, असं मला तेव्हा वाटलं. जावक क्रमांक टाकला. कुठलाच क्लब पत्रावर जावक क्रमांक टाकत नसेल, पण आमच्याकडं त्याच्याशिवाय पत्राला पत्र म्हणत नाहीत. लिहिलं की, आपले निवेदन प्राप्त झाले. मुद्दा क्रमांक तीनबाबत कळविण्यात येते की, योग्य मैदान उपलब्ध झाल्यास तालुक्यात सराव सामना घेण्याचा विचार करण्यात येईल. पुढच्या मंगळवारी, क्लबकडून आलंय म्हणून, ते आबांच्या हातात ठेवलं.

आता मी आयुष्यभर हीच भाषा लिहीत आणि वाचत आलोय. ‘विचार करण्यात येईल’ याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. तहसीलच्या आवारातल्या चहावाल्यालाही तो माहीत आहे. मी समजलो, आबांना नकार मिळेल, पण मानानं मिळेल, आणि विषय संपेल. मी हे विसरलो की आबांनी कचेरीत आयुष्य काढलेलं नाही. त्यांनी ते मैदानावर आणि शेतात काढलंय, आणि दोन्हीकडं शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच असतो.

वैशाखात टेम्पोवाला दुकानात आला आणि म्हणाला, “अर्जवाले, चला लवकर, आबांनी बांध फोडला.”

भाताच्या खाचराचा बांध म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणी तोलून धरणारी ती मातीची भिंत, पिढ्यांनी घातलेली. आबांची दोन खाचरं एकाखाली एक होती, इंद्रायणी भाताची. मी पोचलो तेव्हा जेसीबीनं मधला बांध निम्मा काढला होता आणि वरची माती खालच्या खाचरात ओढायचं काम चाललं होतं. काकू कडेला बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, पण माझ्याकडं बघतही नव्हत्या. आबांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं ते पत्र होतं.

मी म्हणालो, आबा, जरा थांबायचं होतं, नुसतं विचार करू म्हटलंय त्यांनी.

आबांनी पत्र काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. “योग्य मैदान उपलब्ध झाल्यास, असं लिवलंय. मग उपलब्ध कोण करणार? तहसीलदार?”

तेव्हा सांगायला हवं होतं. बांध निम्मा शाबूत होता, जेसीबी बंद करायला एक हात वर करावा लागला असता. मी हात वर केला नाही. मला वाटलं, सगळ्यांसमोर नको, संध्याकाळी सांगू. संध्याकाळपर्यंत बांध राहिला नव्हता.

गावानं त्यांना सोडलं नाही. आबा औंदा गोल पेरणार हायत, असं एकजण म्हणाला, आणि ते सगळ्या गावात झालं. मृगात सगळ्यांनी भाताची रोपं टाकली, आबांच्या त्या दोन खाचरांत काहीच नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते बघायला लोक मुद्दाम यायचे. त्यांनी हरळी लावली. हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण, खणून काढली तरी पुन्हा येणारी. आयुष्यभर जी उपटली तिचे गड्डे आबा आता लोकांच्या बांधावरून मागून आणत होते. लोक आनंदानं देत होते, वर मजुरी मागत नव्हते. एक बाई म्हणाली, माझ्या शेतातली सगळी न्या बाबा, आणि जाताना सासूलाबी न्या. पावसात मीही गेलो लावायला. गुडघ्यावर बसून हरळीचं एकेक पेर मातीत खोचताना मनात एकच चालू होतं, आज सांगू. आबा शेजारच्या ओळीत होते, आणि ते मला त्या जुन्या संघाच्या गोष्टी सांगत होते.

एक मात्र खरं सांगायला हवं, कारण इथं मी सगळं खरं सांगायला बसलोय. मैदान चांगलं झालं. पूर्ण मापाचं नाही, एका अंगाला कॉर्नर मारायला जागा कमी पडते, ओढ्याकडच्या बाजूला पाणी थोडं साचतं. पण दिवाळीपर्यंत हरळीनं अशी काही पकड घेतली की चालताना पायाला गादी लागते. आबांनी फक्कीनं रेषा मारल्या, बांबूचे गोलपोस्ट उभे केले. पहिल्या आठवड्यात आली ती हायस्कुलातल्या मुलींची टोळी. मग भोरातून कॉलेजची पोरं. पुढच्या हिवाळ्यात वेल्ह्याकडून एक संघ आला, त्यांच्यात माझ्या भावकीतले दोघं होते. गोल पेरणार म्हणणारा माणूस आता रविवारी रेषेवर उभा राहून पंचाला शिव्या देतो. काकू एकदा मला म्हणाल्या, भात गेलं, पण कारखान्यात खेळायचा तो माणूस घरात परत आला. मला त्या वाक्यानं बरं वाटलं नाही. ज्यावर हे सगळं उभं राहिलं तो कागद माझा होता.

क्लबही बदलतोय, हेही लिहून ठेवतो. मी हे आशेवर बोलत नाही, बघून बोलतो. यंदा पहिल्यांदा मोसमभर एकच प्रशिक्षक राहिला. डाव्या बाजूला एक नवा पोरगा आलाय, तो वर जातो आणि परत येतो. शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाणं अजून आहे, पण आता आम्ही तेवढेच मारतोही. टेबलात अजून खालीच आहोत. तरी पंच्याहत्तराव्या मिनिटाला टेम्पोवाला टाळ्या थांबवत नाही, हलगी नाही तर टाळ्या. येत्या दोन-तीन वर्षांत हा क्लब वरच्या चारांत असेल. आमच्या कोपऱ्यातल्या कुणालाही विचारा, आवाज न चढवता हेच सांगेल. आम्ही या संघाबरोबर इतकं हरलोय की आता सुधारणा आम्हाला लांबूनही ओळखता येते.

या फाल्गुनात आबा दुकानात आले आणि खुर्चीवर बसले. ते सहसा बसत नाहीत. म्हणाले, हरळी धरली, आता बोलवायला हरकत नाही, स्मरणपत्र लिही. त्यांनी खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं, संदर्भासाठी. मी टाईप केलेला तो जावक क्रमांक माझ्यासमोर होता. “आणि या वेळी मीच घेऊन जातो,” ते म्हणाले. “बघू दे त्यांना, कोण माणूस आहे.”

माझ्या डोळ्यांपुढं ते गेट आलं. निळ्या शर्टातला तो माणूस, हातात ते पत्र, आणि आतून कुणीतरी येऊन सांगणार, काका, हे आमचं नाही.

मी म्हणालो, आबा, तुम्ही नका जाऊ, मी जातो. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाले, “बरं. पण या बारीला पोच घेऊन ये.”

मी नवीन पत्र लिहिलं. संदर्भाची ओळ घातली नाही. ‘उपरोक्त’ नाही, ‘सबब’ नाही. उत्रोलीत एका माणसानं भाताची जमीन मोडून मैदान केलंय, हरळीचं आहे, अमुक इतकं लांब-रुंद आहे, मुली खेळतात, एकदा येऊन बघा, एवढं साध्या भाषेत. सोबत जुनं निवेदनही ड्रॉवरमधून काढून जोडलं, साडेतीन पानं सह्यांसकट. वॉचमन वेगळा होता, बोलणं तेच. या वेळी मी बाजूला झालो नाही. हॉर्न वाजले तरी झालो नाही. शेवटी आतून एक तरुण बाई आल्या, मुलांच्या प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. डाव्या बचावपटूच्या मुद्द्यावर त्या हसल्या, आणि म्हणाल्या, हे आम्हालाही दोन वर्षं कळत होतं. मैदानाचे फोटो मागितले, मी मोबाईलमध्ये दाखवले. शब्द त्यांनी कसलाच दिला नाही. मोठा संघ येणं अवघड आहे, मुलींचा संघ घेऊन येता येईल का ते पावसाळ्यानंतर बघते, म्हणाल्या. मी दुसरी प्रत पुढं केली. त्यांना आधी कळेना काय हवंय, मग त्यांनी पेनानं ‘मिळालं’ लिहून सही केली.

ती पोच मी आबांना दिली. त्यांनी ती जुन्या पत्राबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली. माझं खोटं पत्र आणि ती खरी सही आता एकत्र आहेत.

बाईंचं म्हणणं मी आबांना अक्षर न् अक्षर सांगितलं. पण ते म्हणतात, पहिल्या पत्रात लेखी दिलंय त्यांनी, फिरणार कुठं. आता वैशाख चाललाय. काकूंना एक खाचर तरी परत भाताला हवंय, त्यासाठी मृगाच्या आत बांध घालावा लागेल. आबा तयार नाहीत, आणि ते मी लिहिलेल्या शब्दाच्या जोरावर तयार नाहीत. कदाचित खरं कळल्यावरही ते मैदानच ठेवतील. मला वाटतं ठेवतील. पण तो निर्णय त्यांचा आणि काकूंचा आहे, माझ्या कागदाचा नाही.

मी त्यांच्या भाताचे दोन हंगाम देणं लागतो. त्याआधी, मृगाच्या आत, काकूंच्या देखत, ते पत्र माझं होतं हे आबांना सांगणं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.